भोंग्यावरून दिलेला शब्द

हवालदार अहिरेकाकांचं नाव मी सगळ्यात आधी लिहून टाकतो. मागाहून गोष्टीच्या नादात राहून गेलं तर मला चैन पडायची नाही. आज मी नाशकात टिकून आहे, माझ्या नावाला डाग नाही, आणि टोइंगच्या यार्डाच्या फाटकाची किल्ली माझ्या कमरेला आहे, ती त्यांच्यामुळे.

दुसरं नाव या अंकाच्या संपादकबाईंचं. त्यांची स्कूटर आम्ही उचलली होती. सोडवायला आल्या, तावातावानं भांडल्या, आणि भांडता भांडता म्हणाल्या, "तुम्ही एवढं बोलता, तर लिहा की आमच्या दिवाळी अंकात."

मी म्हटलं, "मॅडम, मी सातवी."

"मग सातवीपर्यंतचं लिहा."

तर हे ते.

माझं गाव किनवटकडं, तेलंगणाच्या हद्दीला टेकलेलं. तिथून नाशिक इतकं लांब की आईला वाटायचं पोरगं परदेशातच गेलं. इथं आलो तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं. माझ्या बोलण्यात 'का'च्या जागी 'कामून' आला की यार्डातली पोरं हसायची. नावानं कुणी हाक मारत नसे. मी सगळ्यांचा 'किनवट'. मला त्याचं काही नव्हतं. मला एकच धास्ती असायची, काहीतरी चुकेल आणि हाकलतील. अजूनही फोन वाजला की 'हॅलो'च्या आधी तोंडात 'काय झालं?' येतं.

आमचा धंदा सगळ्यांनी पाहिलाय, पण शिव्या देता देता पाहिलाय, म्हणून नीट सांगतो. नो पार्किंगमध्ये लावलेली दुचाकी उचलायची, गाडीवर चढवायची आणि यार्डात नेऊन लावायची. मालक येतो, दंड भरतो, गाडी नेतो. उचलणारी पोरं चार. हँडल लॉक असलं तरी चौघांनी एकदम जोर लावला की स्कूटर लहान लेकराला कडेवर घ्यावं तशी वर येते. सोबत वाहतूक पोलिसातला एक हवालदार असतो. कुठली उचलायची ते तो ठरवतो, पावती तो करतो. आणि एक भोंगेवाला असतो. तो मी.

भोंगेवाल्यानं उचलायच्या आधी पुकारा करायचा. "एमएच पंधरा, काळी मोटारसायकल, मालक जिथं असाल तिथून या!" चाकं जमिनीवर आहेत तोवर मालक आला तर समज देऊन सोडायचं. एकदा का चाकं वर गेली, मग देव आला तरी पावती.

या पुकाऱ्यानं मी नाशिक जेवढं पाहिलं तेवढं कुणी पाहिलं नसेल. कॉलेज रोडला एकदा एक गृहस्थ दातांच्या दवाखान्यातून तसेच धावत आले. तोंडात कापसाचे बोळे, अर्धा जबडा बधिर. गाडीला मिठी मारून नुसतं "आँ! आँ!" करायला लागले. काकांनी विचारलं, "गाडी तुमची?" तर "आँ!" "का चोरून नेता?" तरी "आँ!" शेवटी दवाखान्यातली नर्स चिमटा हातात घेऊन खाली आली आणि म्हणाली, "अहो सोडा त्यांना, दाढ अर्धीच निघालीय."

काका गाडीवर पुढं बसायचे. सटाण्याकडचे, बागलाणातले. ठेंगणे, पोट थोडं पुढं, टोपी कायम मांडीवर. कुणावर ओरडताना मी त्यांना पाहिलं नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. "दंड वाढवून मानूस सुधरत नाय. उचलली जाणार हे पक्कं कळलं पाहिजे. दंड लहान का असंना, चुकायचा नाय. मंग कोन लावतंय?" म्हणून ते एकाच रस्त्यावर रोज, त्याच वेळेला फिरायचे. महिनाभरात तो रस्ता मोकळा व्हायचा.

पण रस्ता मोकळा झाला की आमचे शेठ तोंड पाडून बसायचे. शेठ म्हणजे टोइंगचे ठेकेदार. त्यांना उचललेल्या गाडीमागं पैसे मिळायचे. म्हणजे बघा, एकाच गाडीवर दोन माणसं, एकाला नो पार्किंगमध्ये गाड्या नको होत्या, दुसऱ्याला हव्या होत्या. आणि मधे मी, भोंगा घेऊन. माझा आवाज मोठा. आमच्याकडं रानात एका टेकडीवरून दुसरीवर हाक मारायची सवय. मी पुकारा केला की तिसऱ्या मजल्यावरून माणसं खाली यायची. शेठ वैतागायचे, "ए किनवट, हळू बोल ना यार! तू काय लग्नाला बोलावतोयस सगळ्यांना?" काका पुढून म्हणायचे, "मोठ्यानं पुकार पोऱ्या. न उचलता गाडी हलली, त्याच्यासारखं काम नाय."

मी दोघांचं ऐकायचो. म्हणजे मधल्या आवाजात पुकारायचो आणि दोघांच्या शिव्या खायचो.

आता प्रोफेसरांची ओळख करून देतो. गंगापूर रोडला एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. त्यांची जुनी स्कूटर आम्ही दर शुक्रवारी एकाच जागेवरून उचलायचो आणि सोमवारी ते हसत हसत सोडवायला यायचे. ना भांडण, ना ओळख सांगणं. मला वाटायचं, विसरभोळे असतील. एक दिवस त्यांनीच उलगडा केला.

"मी शनिवार-रविवार मुंबईला मुलीकडे असतो. स्टँडवरच्या पार्किंगमध्ये ऊन, धूळ, आणि पैसे वेगळे. तुमच्या यार्डात पत्र्याची सावली, फाटकाला कुलूप, आणि न्यायला तुम्हीच येता. मी हिशोब केलाय. तुमचा दंड मला स्वस्त पडतो."

काका टोपी हातात घेऊन उभेच राहिले. "म्हंजे आम्ही शिक्षा करतोय का सेवा?"

"हवालदारसाहेब, नियम मोडणारा मनात एक तराजू घेऊन फिरतो," प्रोफेसर म्हणाले. ते बोलायला लागले की यार्डाचा वर्ग व्हायचा. "एका पारड्यात फायदा. दुसऱ्या पारड्यात शिक्षा, आणि ती होण्याची शक्यता. फायदा जड झाला की माणूस मोडतो. एवढंच."

"आनि लाज? ती कोन्त्या पारड्यात?"

प्रोफेसर खो खो हसले. "ती मोजायची अवघड असते, म्हणून आम्ही बरेचदा खालीच ठेवतो."

काकांनी ते ध्यानात ठेवलं. मीही. पण तो तराजू आपल्याच कामी येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

तो दिवसही सोमवारच. दुपारी गंगापूर रोडवरून भरून आलेली गाडी आम्ही यार्डात रिकामी केली. थोड्या वेळानं रिक्षातून एक बाई उतरल्या. देवळाली कॅम्पात राहणाऱ्या, नवरा फौजेत, दूर कुठंतरी. पावती केली, आपली पांढरी स्कूटर ओळखली, किल्ली लावून डिकी उघडली आणि किंचाळल्या.

"माझी पोत!"

सासूबाईंची सोन्याची पोत होती. सराफ बाजारातून गाठवून आणली होती. गंगापूर रोडला स्कूटर लावून आधी एका दुकानात जाऊन आल्या, मग ती लाल बटव्यात घालून डिकीत ठेवली आणि त्या ब्लाऊजपीस बघायला दुसऱ्या दुकानात शिरल्या. बाहेर येतात तर स्कूटर नाही. आता स्कूटर होती आणि पोत नव्हती.

शेठ केबिनमधून बाहेर आले. त्यांनी विचारलं, "मागं गाड्यांजवळ कोण बसलं होतं?"

मागं भोंगेवालाच बसतो.

मी पुढं झालो. मी म्हटलं, "शेठ, मी हात पण लावला नाही."

"डिकी उघडायला काय लागतं? तारेचा तुकडा पुरतो. पोत काढ."

"नाही माझ्याकडं."

माझी पिशवी आणून सगळ्यांसमोर उलटी केली. दोन शर्ट, एक चादर, आईनं दिलेलं तीळ घातलेल्या चटणीचं पाकीट. बाईंनी ती चटणी बघितली आणि नजर वळवली. पोत नव्हतीच. शेठ म्हणाले, "साथीदाराला दिली असेल. चल, निघ इथून. पगार मिळणार नाही, तो बाईंना देतो."

माझं धाबं दणाणलं. काम गेलं म्हणजे झोपायची जागा गेली, कारण मी यार्डातच झोपायचो. आणि गावाकडं काय सांगायचं? चोर म्हणून हाकललं? आमच्या गावात ही बातमी माझ्या आधी पोचली असती.

काका पाणी पीत होते. पेला खाली ठेवून म्हणाले, "शेठ, यानं घेतली हे कशावरनं?"

"अहो काका, घेतली असेल नसेल. गिऱ्हाईक ओरडतंय. एकाला हाकलला की बाईंचं समाधान होतं, आणि बाकीची पोरं सरळ राहतात. धाक पाहिजे धाक!"

प्रोफेसर आपली स्कूटर न्यायला आलेच होते. काका त्यांच्याकडं वळले. "सर, तुमचा तो तराजू द्या जरा."

प्रोफेसर गोंधळले. "कोणता?"

"तोच. शेठ, आता ऐका. ही चार पोरं हितं उभी हायेत. यांनी चोरी केली तर तुम्ही हाकलनार. बराबर. आनि नाय केली तरी, कुनी बोंबललं की तुम्ही हाकलनार. मंग मला सांगा, यांनी चोरी न करून फायदा काय? दोन्ही पारड्यात तेच वजन. उलट चोरणाऱ्याच्या हाताला निदान पोत तरी लागंल."

प्रोफेसरांनी चष्मा काढला. "अगदी बरोबर आहे. निर्दोष माणसाला शिक्षा केली की धाक वाढत नाही, कमी होतो."

शेठ म्हणाले, "सर, तुम्ही मधे पडू नका, तुमची गाडी फुकट सावलीत असते."

"फुकट नाही," प्रोफेसर म्हणाले, "पावती आहे."

एवढ्या गडबडीतही ती चार पोरं फिसकन हसली. मला हसू आलं नाही. मी काकांच्या तोंडाकडं बघत होतो. ते बाईंशी बोलायला लागले होते, अगदी घरच्यासारखं.

"ताई, बटवा डिकीत ठेवला, तवा आत काय काय होतं?"

"मला काय माहीत! घाईत होते. पिवळं फडकं होतं, त्याच्यावर ठेवला."

काकांनी त्यांच्या डिकीत हात घातला. निळा रेनकोट निघाला, पाण्याची बाटली निघाली. फडकं नाही.

"पिवळं फडकं तुमचं?"

बाईंनी डिकीत वाकून पाहिलं. "नाही… माझ्याकडे पिवळं फडकं नाहीये."

"आनि रेनकोट दिसला व्हता तवा?"

"नाही."

"चोरानं पोत नेली, समजलं. पन गाडी पुसायचं फडकं आनून ठेवनारा चोर मी नाय पाह्यला. पोऱ्या, ताईंची किल्ली घे. यार्डात अजून पांढऱ्या स्कूटरी हायेत त्यांना लावून बघ."

आता हे फक्त यार्डातल्या माणसालाच ठाऊक असतं. एकाच बनावटीच्या जुन्या स्कूटरच्या किल्ल्या झिजतात आणि एकमेकींना लागतात. लोक रोज दुसऱ्याच्या स्कूटरवर बसून ती चालू करतात आणि मग आरसा वेगळा का दिसतो म्हणून विचार करत बसतात. मी किल्ली घेतली. पहिलीला लागली नाही. कोपऱ्यातल्या दुसरीला घातली, थोडी हलवली, आणि डिकी टक् करून उघडली.

पोत यातही नव्हती, पण बाईंनी बटवा दुसऱ्याच कुणाच्या तरी पांढऱ्या स्कूटरमध्ये ठेवला होता हे सगळ्यांना कळलं. बाईंनी कपाळाला हात लावला.

काकांनी मला विचारलं, "तिथं अजून पांढरी गाडी व्हती का?"

तेव्हा मला आठवलं. मी "पांढरी स्कूटर" असा पुकारा केला तसा एक जण हातात पेचकस घेऊन धावत आला होता. "माझी, माझी!" म्हणत बाईंच्या शेजारची पांढरी स्कूटर घेऊन पळाला. चाकं जमिनीवर होती, म्हणून आम्ही जाऊ दिला. माझ्याच आवाजानं पोत पळवून लावली होती.

"झालं मग!" शेठ म्हणाले. "त्यानं घेतली. आता तो कुठं सापडतोय? किनवट, तू जाच."

"उद्या संध्याकाळपातूर हा माझ्या जबाबदारीवर," काका म्हणाले आणि एकदम त्यांच्या अहिराणीवर आले. "हाऊ पोऱ्या चोर नही शे. मी जामीन."

तोपर्यंत या शहरात माझ्यासाठी कुणी साधी चहाची उधारी घेतली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला आम्ही गंगापूर रोडला त्याच जागी गाडी उभी केली. शेठही आले. त्यांनी मला काय पुकारायचं ते पढवलं, "पोत परत करा, नाहीतर कारवाई होईल, असं ठणकावून सांग."

काका म्हणाले, "ते 'नाहीतर' काढ. तो मानूस आधीच घाबरून बसला आसंल. ठेवून घेनं गुन्हा हाय, आनून देनं गुन्हा नाय. ते त्याला कुनी सांगितलंय? तू सांग."

मी गाडीवर उभा राहून भोंगा तोंडाला लावला. पूर्ण आवाजात, किनवटच्या टेकडीवरच्या आवाजात.

"काल इथून पांढरी स्कूटर घेऊन गेलेले, हातात पेचकस असलेले भाऊ! तुमच्या डिकीत चुकून एका ताईंची वस्तू ठेवली गेलीय. तुमच्यावर कुणाचा संशय नाही. पावती नाही, दंड नाही, चौकशी नाही. आणून द्या आणि चहा पिऊन जा!"

सगळा रस्ता थांबला. एक जण म्हणाला, "ही गाड्या उचलायची नवीन आयडिया काढलेली दिसते." दोघांनी तर आपल्या पांढऱ्या स्कूटर हळूच ढकलत लांब नेल्या. मी पुन्हा पुकारलं. पुन्हा पुकारलं. घसा बसायला आला. शेठ घड्याळ बघायला लागले. बाई समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसून पदराचं टोक गुंडाळत होत्या.

मग कुणीतरी माझी पॅन्ट खालून ओढली. बारीक अंगाचा, पांढऱ्या केसांचा माणूस. स्कूटर आणली नव्हती, चालत आला होता. हातात जेवणाचा डबा. त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "भाऊ, ते 'काही होणार नाही' म्हणाला ना, ते सरकारचं आहे का तुमचं स्वतःचं?"

मी काकांकडं बोट केलं. "त्यांचं आहे."

त्यानं काकांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. काकांनी टोपी मांडीवरून उचलून बाजूला ठेवली.

"मग ठीक," तो म्हणाला आणि डबा उघडला. आत पिवळ्या फडक्यात लाल बटवा.

शिलाई मशिनी दुरुस्त करणारा होता तो. संध्याकाळी गाडी पुसायला फडकं काढलं तेव्हा बटवा दिसला. त्यानं घरात कुणाला सांगितलं नाही. पोलिसात जायला निघाला आणि कोपऱ्यावरून परत आला. "साहेब, मला विचारलं असतं कुठून आली, तर मी काय सांगणार? डिकीत उगवली म्हणून सांगू?" बाई ऐकून रडल्या आणि हसल्याही. त्यांनी पोत कपाळाला लावली आणि मग माझ्याकडं आल्या.

"काल तुमची पिशवी उलटी केली ना माझ्यामुळे."

मी म्हटलं, "काही नाही ताई, चटणी सांडली नाही."

शेठनी चहा पाजला, पोत हरवलेल्या बाईंना, आणणाऱ्याला, सगळ्यांना. माझी माफी मागितली नाही, पण त्या दिवसापासून 'हळू बोल' म्हणाले नाहीत.

काकांना भोंग्याची चव लागली ती तिथून. पुढच्या शुक्रवारी प्रोफेसरांची स्कूटर तिच्या जागेवर उभी होती. पोरं उचलायला धावली. काका म्हणाले, "थांबा. उचलायची नाय. पोऱ्या, पुकार." कॉलेज नुकतंच सुटलेलं. मी पुकारलं, "अर्थशास्त्राचे सर! तुमची मुंबईची गाडी सुटायला वेळ आहे. स्कूटर उन्हात आहे, सावलीत लावून जावा ही विनंती!" सगळा रस्ता मुलामुलींच्या हसण्यानं भरला. सर धावत आले, तांबडेलाल. काकांनी नुसतं विचारलं, "सर, लाज कोन्त्या पारड्यात बसली?" त्यानंतर ती स्कूटर तिथं कधी दिसली नाही. सर मात्र चहाला यार्डात येत राहिले, रिक्षानं.

सगळंच असं छान झालं असं नाही. दंड सगळ्यांना सारखा असतो, ही आमच्या धंद्यातली मला टोचणारी गोष्ट. सोनाराच्या पोराला तो पानपट्टीच्या खर्चाइतका, आणि निफाडहून द्राक्षांच्या पेट्या बांधायच्या कामावरून आलेल्या बाईच्या मोपेडला तोच दंड म्हणजे दोन दिवसांची मजुरी. तराजू सगळ्यांच्या मनात असेलही, पण वजनं एकसारखी नसतात. दवाखान्यांसमोरून उचललेल्या गाड्या तर मला अजून आठवतात. आणि मोठ्या मोटारी आम्ही सहसा उचलल्या नाहीत, कारण त्या आमच्या गाडीवर मावत नव्हत्या. न्याय कुणापर्यंत पोचतो हे कधीकधी गाडीच्या आकारावरही ठरतं. यावर माझं काही चाललं नाही. पुढं यार्ड माझ्यावर सोपवलं गेलं आणि फाटकाची किल्ली हातात आली, तेव्हा मी एकच नियम केला. यार्डात कुणाची पिशवी उलटी करायची नाही.

काका निवृत्त होऊन सटाण्याकडं गेले, त्यांच्या डाळिंबाच्या बागेत. मी दरवर्षी जाऊन येतो. ते माझ्याकडून काही घेत नाहीत. एकदा मिठाई नेली तर अर्धी मलाच बांधून दिली. आता त्यांना कमी ऐकू येतं. गेल्या खेपेला म्हणाले, "तुझाच आवाज तेवढा नीट कळतो. बाकीचे सगळे कुजबुजतात." आणि मग विचारलं, "तुझ्या आईला ती पोतीची गोष्ट सांगितली का रं?"

"नाही."

"कामून?" माझाच शब्द मला, मुद्दाम.

खरं कारण त्यांना माहीत होतं. आईला सांगितलं तर ती पहिलं अर्धंच ऐकेल, पिशवी उलटी केली तिथपर्यंत, आणि उरलेलं आयुष्य तेवढंच आठवत बसेल. ती माझीच आई. घाबरणं मी तिच्याकडूनच आणलंय. म्हणून इतकी वर्षं मी तिला फक्त 'काम बरं चाललंय' एवढंच सांगत आलो.

तर हा शब्द मी इथं सगळ्यांसमोर देतो. काकांचे गुडघे थोडे बरे झाले की त्यांना मी गावी नेणार. शेवटच्या एसटीतून आधी मी उतरणार, मग त्यांना हात देऊन उतरवणार. भोंगा नसला तरी चालेल. आमच्या गावाला लागत नाही. गल्लीच्या तोंडाशी उभा राहून मी पुकारणार, "बाहेर या सगळे! कुणाची गाडी उचलायला नाही आलो. माझ्यासाठी जामीन राहिलेला माणूस आणलाय!" मग आईला त्यांच्या शेजारी बसवीन आणि ती गोष्ट सुरुवातीपासून सांगीन, शेवटपर्यंत. तिनं मध्येच डोळ्याला पदर लावला, तर पुढचं काका सांगतील.